कालुएकेवरचा बॉम्ब

वर्णद्वेषी राजवटीच्या काळात दक्षिण आफ्रिकेतल्या गोऱ्या मुलाला दोन वर्षं लष्करात काढावी लागत. ही सक्ती फक्त गोऱ्यांवर होती. अनेकांची रवानगी दक्षिण आफ्रिकेच्याच ताब्यातल्या नामिबियाच्या उत्तर सीमेवर होई, तिथून काहींची थेट अंगोलात. लढाई दूर परमुलखात चालली होती, तोवर बहुतेक गोऱ्या घरांना तिची झळ लागत नव्हती. १९८८ मध्ये ती लागली.

वर्ष सुरू झालं तेव्हा अंगोलाच्या आग्नेय भागात क्वितो क्वानावाले या गावाभोवती लढाई पेटली होती. आदल्या वर्षी लोंबा नदीकाठी दक्षिण आफ्रिकेने अंगोलाच्या फौजेचं कंबरडं मोडलं होतं, पण मग अंगोलाच्या मदतीला क्युबाची कुमक आली. २३ मार्चला गावाजवळच्या तुंपो भागावरचा दक्षिण आफ्रिकेचा शेवटचा मोठा हल्ला सुरुंगांनी आणि तोफांनी रोखला. तीन ऑलिफंट रणगाडे तिथेच टाकून फौज मागे फिरली. गाव जिंकायचंच नव्हतं, असं दक्षिण आफ्रिकेचे सेनानी पुढे सांगत राहिले. ते खरं मानलं तरी आकाश त्यांच्या हातून निसटलं होतं, हे नाकारता येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९७७ च्या शस्त्रबंदीमुळे त्यांना नवी लढाऊ विमानं मिळत नव्हती. त्यांच्या जुन्या मिराजची गाठ क्युबाच्या मिग-२३ शी होती.

२७ जूनला या मिगनी कुनेने नदीवरच्या कालुएके धरणावर बॉम्ब टाकले. नामिबियाची सीमा तिथून अगदी जवळ. एकाच बॉम्बने दक्षिण आफ्रिकेचे ११ सैनिक मारले गेले.

महिनाभरातच जोहान्सबर्गच्या न्यायालयाने डेव्हिड ब्रूस या तरुणाला सहा वर्षांची कैद सुनावली. या सैन्यात मी जाणार नाही, एवढाच त्याचा गुन्हा. त्याची आई नाझी जर्मनीतून जीव वाचवून आलेली ज्यू. वंशाच्या नावाने चाललेल्या राज्यासाठी बंदूक धरायला त्याने नकार दिला, आणि त्याच्या धैर्यापुढे मान लवते. ऑगस्टमध्ये १४३ जणांनी मिळून तसाच नकार जाहीर केला. सरकारने सक्तीविरोधी संघटनेवरच बंदी घातली.

खरं तर सरकारचे विरोधकांवरचे तडाखे वर्षाच्या सुरुवातीपासूनच चालू होते. फेब्रुवारीत युनायटेड डेमोक्रॅटिक फ्रंटसह १७ वर्णद्वेषविरोधी संघटनांचं काम बंद पाडलं गेलं. मार्चमध्ये आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या प्रतिनिधी डल्सी सप्टेंबर यांना पॅरिसमध्ये गोळ्या घालण्यात आल्या. एप्रिलमध्ये मोझांबिकच्या राजधानीत, मापुतोत, मोटारीतल्या बॉम्बने काँग्रेसच्याच अॅल्बी सॅक्स यांचा उजवा हात आणि एक डोळा नेला. आणि मे महिन्यात याच सरकारची माणसं तुरुंगात नेल्सन मंडेला यांच्याशी गुपचूप बोलणी करायला बसली! बाहेर बंदी आणि आत बोलणी, यातून सत्ताधाऱ्यांची कोंडी उघड दिसते.

अंगोलाबद्दलची बोलणीही मे महिन्यातच लंडनमध्ये सुरू झाली होती. अमेरिकेचे चेस्टर क्रॉकर मध्यस्थ होते. ऑगस्टअखेर दक्षिण आफ्रिकेची फौज अंगोलातून बाहेर पडली. २२ डिसेंबरला न्यूयॉर्कला करार झाला: क्युबाने सुमारे ५०,००० सैनिक टप्प्याटप्प्याने मायदेशी न्यायचे आणि दक्षिण आफ्रिकेने नामिबिया सोडायचा. संयुक्त राष्ट्रांचे नामिबिया आयुक्त बर्न्ट कार्लसन या कराराच्या समारंभाला निघाले होते. आदल्या दिवशी स्कॉटलंडमधल्या लॉकरबीवर घातपातात फुटलेल्या विमानात ते मारले गेले.

पुढच्या वर्षी नामिबियात संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना उतरली. तिचे सेनापती होते भारताचे लेफ्टनंट जनरल प्रेम चंद. २१ मार्च १९९० रोजी विंडहोकमध्ये स्वतंत्र नामिबियाचा झेंडा चढला.