तासिका तत्त्वावरील अध्यापक आणि विभागप्रमुख : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

महाराष्ट्रातील महाविद्यालयांत रिक्त पदांवरील अध्यापनासाठी तासिका तत्त्वावरील नेमणुकांची प्रथा रूढ झाली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी कंत्राटी नेमणुकांना १० टक्क्यांची मर्यादा घातली. २०१८ च्या विनियमांनी ती कायम ठेवली. २०१९ मध्ये आयोगाने अतिथी अध्यापकांसाठी प्रति तासिका १,५०० रुपये व दरमहा कमाल ५०,००० रुपये मानधन ठरविले. तथापि तासिकेत केवळ वर्गातील अध्यापन मोजले जाते. अंतर्गत मूल्यमापन, विभागाच्या नोंदी, नॅकची कागदपत्रे ही कामे विभागप्रमुखांच्या शब्दावर होतात. वेळापत्रक आखणारे व तासिकांची नोंद प्रमाणित करणारेही तेच असल्याने अध्यापकास नकार देणे परवडत नाही. परिणामी सहकाऱ्यांचे नाते उपकाराचे बनते. कामाची लेखी वाटणी हाच त्यावरील पहिला उपाय होय.