एकच बासरी का पुरत नाही? पन्नालाल घोष ते पिलीभीत

हेडफोन लावलेत? आजचा भाग माझ्या एका फजितीपासून.

शाळेत असताना जत्रेतून वीस रुपयांची बासरी आणली. विकणारा काय गोड वाजवत होता! घरी आत्या पेटी घेऊन काळी चारमध्ये गायची. मी साथीला बसलो आणि एकही सूर जुळेना. आत्या हसली, बासरी माळ्यावर गेली. मला वाटलं, आपल्या अंगात सूरच नाही. बऱ्याच वर्षांनी कळलं की बासरी ठीक होती, फक्त ती काळी चारची नव्हती!

बघा, तंबोऱ्याच्या खुंट्या पिळता येतात, तबल्याला हातोडी मारता येते. बासरीला एकदा तापलेल्या सळईने छिद्रं पाडली की तिचा सा कायमचा ठरला. लांब, रुंद नळी म्हणजे खालचा सूर, आखूड नळी म्हणजे वरचा. म्हणून वादकाच्या पिशवीत एक नाही, दहा-बारा बासऱ्या असतात.

आता थोडं मागे जाऊ. १९११ साली बारिसालमध्ये, म्हणजे आजच्या बांगलादेशात, पन्नालाल घोष जन्मले. तेव्हा बासरी म्हणजे गुराख्याचं, लोकगीतांचं, नाटकाचं वाद्य. आकार छोटा, आवाज चढा. तिच्यावर धून छान वाजायची, पण ख्यालासारखी संथ आलापी? त्याला खर्जातला भारदस्त सूर लागतो. पन्नालालजींनी वेगवेगळ्या नळ्या वापरून पाहिल्या आणि शेवटी सुमारे ३२ इंची बांबूवर थांबले. सहा बोटांच्या छिद्रांना सातवंही जोडलं. सहाही छिद्रं बंद केली की मंद्र पंचम मिळतो, सातवं बंद केलं की त्याखालचा तीव्र मध्यम.

१९४० मध्ये ते मुंबईत आले, सिनेमात काम केलं. १९४७ पासून उस्ताद अल्लाउद्दीन खाँसाहेबांकडे शिकले. म्हणजे नाव झाल्यावर पुन्हा विद्यार्थी! १९५६ मध्ये दिल्लीला आकाशवाणीत गेले आणि १९६० मध्ये तिथेच वारले. आयुष्य जेमतेम ४८ वर्षांचं, पण बासरी मैफलीत बसली ती कायमची.

पण हा बांबू यायचा कुठून? बासरीच्या पोकळीत मध्येच पेर येऊन चालत नाही. ३२ इंची बासरीला दोन पेरांमधलं अंतर तेवढंच लांब हवं, शिवाय नळी सरळ आणि पातळ. असा बांबू कमी सापडतो, म्हणून मोठी बासरी महाग आणि छोटी स्वस्त.

उत्तर प्रदेशातलं पिलीभीत हे बासऱ्यांचं गाव. तिथे पिढ्यानपिढ्या मुख्यतः मुस्लिम कारागीर कृष्णाचं हे वाद्य घडवतात. बांबू मात्र येतो दूर आसामातून. पूर्वी तो मीटरगेज रेल्वेने यायचा. रूळ बदलले, थेट गाडी गेली, ट्रकचं भाडं अंगावर आलं. बासरीची किंमत मात्र त्या प्रमाणात वाढवता येत नाही, कारण शेजारी प्लॅस्टिकची खेळणी टांगलेली असतात. कित्येकांच्या पुढच्या पिढीने हे काम सोडलं.

म्हणून घेताना एवढं लक्षात ठेवा.

एक, आधी पट्टी विचारा. पांढरी एक म्हणजे सी, काळी चार म्हणजे जी शार्प. हिंदुस्थानी पद्धतीत वरची तीन छिद्रं बंद केल्यावर जो सूर येतो तो सा, आणि त्यावरून बासरीचं नाव. कर्नाटकी पद्धतीत वरची दोनच बंद केली की सा येतो. ऑनलाइन घेताना इथेच घोळ होतो.

दोन, फोनमध्ये ट्यूनर ॲप उघडा. आधी दोन-चार मिनिटं वाजवा, कारण श्वासाने नळी गरम झाली की सूर थोडा चढतो. मग मधला सा आणि तार सा दोन्ही तपासा.

तीन, पहिलीच बासरी ३२ इंची नको, बोटं पोचणार नाहीत. पांढरी एक किंवा पांढरी पाचची मध्यम बासरी घ्या. हातची, सुरेल बासरी काही शे रुपयांत मिळते. तेवढ्यासाठी घासाघीस करू नका. प्रत्येक छिद्र पाडताना कारागिराने ती फुंकून, कानाने तपासलेली असते.

माझी जत्रेतली बासरी मी परवा माळ्यावरून काढली. ॲपवर पाहिलं, तर पांढरी पाच! आत्याच्या काळी चारपेक्षा फक्त अर्धा सूर खाली. आता आत्याला फोन करून अर्धा सूर उतरायला सांगणार आहे.

भेटू पुढच्या भागात!