मुंबईच्या वैमानिकाच्या कबरीचा शोध

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलातून लढलेल्या मोजक्या भारतीय वैमानिकांत मुंबईचे लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिणकर होते. २७ जून १९१८ रोजी ते २३व्या स्क्वाड्रनचे ‘डॉल्फिन’ विमान घेऊन फ्रान्समध्ये गस्तीवर गेले, ते परतलेच नाहीत. युद्ध संपल्यावरही त्यांचा ठावठिकाणा लागेना, तेव्हा चौकशीचा पाठपुरावा करण्यात आला. १९२१ मध्ये उलगडा झाला. वेलिणकर ३० जूनला जर्मनांच्या ताब्यात असताना वारले होते. जर्मनांनी त्यांचे दफन केले, पण नोंद ‘वुमकर’ अशा चुकीच्या नावाने केली. त्यामुळे ती कबर ओळखू आली नव्हती. आज त्यांची कबर उत्तर फ्रान्समधील हांगार येथील युद्धदफनभूमीत आहे. १९१७ मध्ये स्थापन झालेला युद्धकबर आयोग तिची देखभाल करतो.