तळटीप : ‘संघशक्ती’ या उल्लेखाविषयी

मूळ मजकुरात आलेले खारबाव हे ठाणे जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यातले गाव. त्याच्या शेजारच्या कल्याण तालुक्यात, टिटवाळ्यास, १९४५च्या जानेवारीत किसान सभेची प्रांतिक परिषद भरली, आणि तेथून परतलेल्या उंबरगाव-डहाणूच्या वारली आदिवासींनी वेठबिगारीविरुद्ध जो लढा मांडला, तोच मूळ मजकुरात अभिप्रेत आहे. किसान सभेचे नेते शामराव व गोदावरी परुळेकर यांची वादपद्धती विशेष मननीय आहे : जमीनदार-सावकारांनी कर्जाचे दस्तऐवज व पिढीजात वहिवाट पुढे करावी, तर यांनी तात्त्विक खंडनमंडनात न गुंतता, वेठ करणार नाही आणि पाचशे रतल गवतास अडीच रुपये मिळाल्यावाचून विळा हाती घेणार नाही, एवढेच वारल्यांच्या मुखाने वदवावे. हंगाम टळला की गवताचे मोल संपे. त्यामुळे हजारो विळे एकदम थांबले, तेव्हा या मितभाषी युक्तिवादास असे बळ चढले, की जे कोणत्याही सरकारी दरख्वास्तीस कधी लाभले नव्हते. ऑक्टोबरात तलवाड्यास पोलिसांच्या गोळीबारात पाच वारली बळी पडले, तरीही, आणि हे धैर्य खरोखर वंदनीय होय, संप मोडला नाही. गोदावरीबाईंनी हा वृत्तान्त ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) या ग्रंथात स्वतःच लिहून ठेवला आहे.