टेस्टिंगची पूर्वपीठिका

वेब अॅप्लिकेशनच्या परीक्षेचे जे प्रकार आज नवशिक्या टेस्टरला तोंडपाठ करावे लागतात, ते कोणा पंडिताने एका बैठकीत ठरविलेले नसून एकेका अडचणीने ते कारागिरांकडून करवून घेतले, असे या व्यवसायाचे दप्तर चाळताना माझे मत झाले आहे. प्रोग्रॅम बिनचूक आहे हे सिद्ध करण्यासाठी नव्हे, तर त्यातील चुका हुडकण्याच्या हेतूनेच तो चालवून पाहावा, असे ग्लेनफर्ड मायर्स यांनी 1979 साली प्रतिपादन केले, तेव्हा वेब जन्मासही आले नव्हते. 1997 साली केंट बेक आणि एरिख गामा यांनी झुरिकहून अटलांटाला जाताना विमानात बसून जेयुनिट हे परीक्षेचे साधन रचले, आणि सुट्या घटकाची परीक्षा, म्हणजे युनिट टेस्टिंग, हळूहळू प्रोग्रॅमरच्या नित्यकर्मात आली.

परंतु वेबचे दुखणे निराळे होते. घटक निर्दोष असूनही तेच पान एका ब्राउझरमध्ये नीट उमटे, तर दुसऱ्यात त्यावरील बटण दाबले तरी काही हालचाल होत नसे. आणि प्रत्येक फेरफारानंतर जुनी कामे शाबूत आहेत की नाहीत हे पाहण्याचे, म्हणजे रिग्रेशन टेस्टिंगचे, सारे कष्ट माणसाच्या बोटांवर पडत. 2004 साली शिकागो येथे थॉटवर्क्स या कंपनीत, कर्मचाऱ्यांच्या वेळेचा व खर्चाचा हिशेब ठेवणाऱ्या अंतर्गत अॅप्लिकेशनवर काम करीत असता, जेसन हगिन्स यांनी जावास्क्रिप्टमध्ये एक साधन लिहिले. ते ब्राउझरमध्येच राहून दुवे दाबी, रकाने भरी आणि अपेक्षित मजकूर आला की नाही हे ताडून पाही. हेच सेलेनियम. त्याला ब्राउझरचा सुरक्षानियम आडवा आला: एका स्थळाच्या स्क्रिप्टला दुसऱ्या स्थळाच्या पानात हात घालण्याची मुभा नाही. नियम रास्त होता, म्हणून मध्ये प्रॉक्सी सर्व्हर बसवून, परीक्षक आणि परीक्ष्य दोघेही एकाच स्थळाचे आहेत असे ब्राउझरला भासविण्याची तजवीज झाली. तिची चतुराई मान्य करूनही मला अधिक मोलाचा वाटतो तो सायमन स्ट्युअर्ट यांच्या वेबड्रायव्हरचा सरळ मार्ग, ज्याने ब्राउझरला त्याच्याच अंगभूत सोयींच्या आधारे बाहेरून चालविले, आणि ज्याला 2018 साली वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमने अधिकृत प्रमाणाचा दर्जा दिला.

गर्दीचा भार सोसण्याची परीक्षा, म्हणजे लोड टेस्टिंग, आणि आरंभापासून अखेरपर्यंतच्या साऱ्या वाटेची एंड-टू-एंड टेस्टिंग यांची महती मात्र जगाला फार महागात समजली. 1 ऑक्टोबर 2013 रोजी अमेरिकन सरकारचे आरोग्यविम्याचे हेल्थकेअर डॉट गव्ह हे संकेतस्थळ खुले झाले, त्यावर लक्षावधी लोकांची झुंबड उडाली, आणि पहिल्या दिवसअखेर नोंदणी पूर्ण झाली ती अवघ्या सहा जणांची. त्याच महिन्यात प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे जबानी देताना ठेकेदारांनी सांगितले की, सर्व भाग जोडून समग्र परीक्षा झाली ती उद्घाटनापूर्वीच्या शेवटच्या दोन आठवड्यांत, आणि तिच्यासाठी काही महिने मिळते तर बरे झाले असते.