महिलांसाठी ट्रेकिंगचे वॉटरप्रूफ बूट : मापात बसणारा जोड कसा निवडाल?

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारची ब्रह्मगिरीची फेरी, पावसाळ्यातला हरिहर किंवा कळसूबाईचा ट्रेक, नवरात्रात वणीच्या गडाची पायी वारी. यांपैकी काहीही झाले की पुढच्या आठवड्यात पिंपळगावच्या दवाखान्यात पायांच्या तक्रारी वाढतात आणि त्यांत महिला बऱ्याच असतात. टाचेला फुटलेला फोड, अंगठ्याचे काळे पडलेले नख, बोटांच्या बेचक्यात झालेल्या चिखल्या, मुरगळलेला घोटा. सोबत प्रश्नही ठरलेला असतो : "डॉक्टर, आता चांगले वॉटरप्रूफ बूट घेऊ का?"

जरूर घ्या, पण क्रम लक्षात ठेवा. आधी माप, मग सोलची पकड आणि त्यानंतर वॉटरप्रूफ. वरच्या तक्रारींपैकी फोड आणि काळी नखे बहुतेक वेळा माप चुकल्यामुळे होतात. बूट कितीही महाग आणि वॉटरप्रूफ असला तरी टाच त्यात वरखाली होत असेल, तर फोड येणारच.

महिलांच्या पावलाचे माप वेगळे का?

महिलांच्या पावलाचा पुढचा भाग टाचेच्या मानाने रुंद असतो, म्हणजे टाच तुलनेने अरुंद. पुरुषांचा बूट लहान नंबरात घेतला की पुढे बसतो आणि मागे सैल राहतो. मुलाचे कॉलेजचे जुने बूट घालून गडावर जाणाऱ्या कितीतरी जणी आपल्याकडे आहेत. त्यांच्या टाचेवर त्वचेचे थर एकमेकांवर घासतात, थरांमध्ये पाणी साठते आणि फोड येतो. बूट 'चावला' असे आपण म्हणतो, पण खरे तर बूट आत हललेला असतो.

दुसरी बाजू रुंदीची. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभरातील एक लाखाहून अधिक लोकांच्या पावलांची मापे घेतली. भारतीयांची पावले युरोपीय-अमेरिकी पावलांपेक्षा रुंद असतात, असे त्यातून दिसले. त्या आधारे 'भा' नावाची भारतीय मापपद्धतही सुचवली गेली आहे. सध्या मात्र दुकानातल्या बहुतेक बुटांवर ब्रिटिश किंवा युरोपीय नंबरच असतात. त्यात आपल्या बायकांचे आयुष्य चपलेत आणि घरात अनवाणी गेलेले असते, त्यामुळे बोटे पसरलेली असतात. अशा पावलाला अरुंद तोंडाचा बूट घातला की करंगळीच्या बाजूला कुरूप होते आणि अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर आलेले असेल तर ते दुखू लागते. अशा वेळी एक नंबर मोठा घेणे हा उपाय नाही. त्याने लांबी वाढते आणि टाच आणखी सैल होते. त्याच नंबरात रुंद साचा मागा.

बाळंतपणानंतर पावलाची कमान थोडी सपाट होऊन पाऊल कायमचे लांब होऊ शकते. वय आणि वजन वाढल्यावरही हा फरक पडतो. लग्नाआधी पाच नंबर लागायचा म्हणून आजही तोच मागू नका. दर वेळी नव्याने माप घ्या.

आणि जोडवी. बुटांच्या कुठल्याही जाहिरातीत याचा उल्लेख सापडणार नाही. चपलेत जोडवी त्रास देत नाहीत, पण बंद बुटात ती शेजारच्या बोटांवर दाबली जातात. तासभर उतार उतरल्यावर तिथे जखम होते. चालून बोट सुजले तर जोडवे निघतही नाही, मग ते कापावे लागते. लांब चालायचे असेल तेव्हा जोडवी काढून ठेवावीत, हा माझा स्पष्ट सल्ला आहे. काढायची नसतील, तर निदान जाड, नक्षीदार जोडव्यांऐवजी पातळ आणि गुळगुळीत घाला. बुटाचे मापही ती घालूनच घ्या.

माप घरी कसे घ्यावे

माप संध्याकाळी घ्या, कारण दिवसभर उभे राहून पाऊल थोडे सुजलेले असते आणि ट्रेकवरही ते तसेच सुजते. जे मोजे घालून चालणार आहात तेच घाला. भिंतीला टाच टेकवून कागदावर उभे राहा. बसून घेतलेले माप कमी भरते. टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंतचे अंतर सेंटीमीटरमध्ये मोजा. सर्वांत लांब बोट अंगठाच असेल असे नाही, अनेकींचे दुसरे बोट लांब असते. दोन्ही पाय मोजा आणि मोठ्या पायाचे माप धरा.

ब्रिटिश मापात एका नंबरचा फरक सुमारे साडेआठ मिलिमीटर असतो, युरोपीय मापात सुमारे पावणेसात. म्हणून ऑनलाइन मागवताना नंबरावर न जाता त्या बुटाच्या तक्त्यातले सेंटीमीटर पाहा.

शक्य असेल तर दुकानात जाऊनच घ्या. बुटातला आतला सुटा तळवा बाहेर काढून त्यावर उभे राहा. पाऊल कडेने बाहेर येत असेल तर तो बूट तुमच्यासाठी अरुंद आहे. तळव्याच्या पुढे बोटापासून साधारण एक ते दीड सेंटीमीटर, म्हणजे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. मग बूट घालून, नाडी बांधून दहा-पंधरा मिनिटे दुकानात फिरा. जिना असेल तर उतरून पाहा, कारण खरी परीक्षा उतारावरच होते. चढताना टाच उचलली जात असेल तर तो जोड परत ठेवा. उतरताना बोटे पुढे आपटत असतील तर तोही ठेवा. वणीच्या गडाला पाचशेहून अधिक पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरीला नख बुटावर आपटले की त्याखाली रक्त साठते आणि नख काळे पडते. नखे एक-दोन दिवस आधी सरळ रेषेत कापली तर हा त्रास बराच कमी होतो. अंगठा किंवा गुडघा आधीच दुखत असेल तर चढताना पायऱ्यांनी जा आणि उतरताना ट्रॉलीने या.

"वापरून सैल होईल" हे दुकानदाराचे वाक्य चामड्याच्या चपलेबाबत थोडेफार खरे असते. ट्रेकिंगच्या बुटाला मऊपणा येतो, लांबी येत नाही.

वॉटरप्रूफ म्हणजे नक्की काय?

वॉटरप्रूफ बुटांत वरच्या कापडाच्या किंवा चामड्याच्या आत एक अतिशय पातळ पडदा असतो. गोर-टेक्स हे त्यातले सर्वांत परिचित नाव. या पडद्यातून पाण्याचे थेंब आत येत नाहीत, पण घामाची वाफ बाहेर जाते. मात्र वाफ बाहेर जाण्यासाठी बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी असावी लागते. जुलैमध्ये त्र्यंबक-इगतपुरीकडे हवाच इतकी दमट असते की घाम आतच राहतो. शिवाय पडदा कितीही चांगला असला तरी बुटाला वरून तोंड असतेच. सह्याद्रीतल्या मुसळधार पावसात पाणी पायावरून ओघळत बुटात शिरते, ओढा ओलांडताना तर सरळ आत येते. एकदा आत आलेले पाणी तोच पडदा बाहेर जाऊ देत नाही. मग दोन छोट्या बादल्या पायात घालून चालल्यासारखे होते.

म्हणून भर पावसातल्या ट्रेकसाठी मी वॉटरप्रूफचा आग्रह धरत नाही. जाळीदार, पाणी पटकन निथळणारा, चांगल्या रबरी सोलचा बूट आणि पिशवीत कोरड्या मोज्यांचे दोन जोड जास्त उपयोगी पडतात. वॉटरप्रूफ बुटाचा खरा फायदा सप्टेंबर-ऑक्टोबरच्या ओल्या गवतात, दवात, चिखलाच्या वाटेवर आणि थंड हवेत होतो. हिमालयात बर्फात जाणार असाल तर तो घ्याच.

पाय तासन् तास ओला राहिला की त्वचा पांढरी, सुरकुतलेली आणि मऊ होते. अशी त्वचा थोड्या घर्षणानेही सोलते. बोटांच्या बेचक्यात बुरशी वाढून चिखल्या होतात, आणि त्या चिरांतून जंतू आत गेले तर पाय लाल होऊन पोटरीपर्यंत सूज येऊ शकते. सुती मोजे पाणी धरून ठेवतात, त्याऐवजी सिंथेटिक किंवा लोकरीचे मिश्रण असलेले घ्या. मोज्यांवर प्लॅस्टिकची पिशवी बांधण्याची युक्ती अनेकजणी करतात. तिने बाहेरचे पाणी काही काळ थांबते, पण घामाने पाय आतूनच भिजतो.

पकड आणि घोटा

सोल रबरी आणि खोल खाचांचा हवा. गुळगुळीत किंवा कडक प्लॅस्टिकचा सोल ओल्या काळ्या दगडावर घसरतो. अर्थात शेवाळ धरलेल्या दगडावर कोणताही सोल भरवशाचा नसतो, तिथे पाऊल जपूनच टाकावे लागते. घोट्याच्या वर येणारा उंच बूट खडे, काटे आणि खरचटणे यांपासून वाचवतो. पाय मुरगळणारच नाही अशी हमी मात्र तो देत नाही. ज्यांचा घोटा वारंवार मुरगळतो त्यांनी घरी आधार धरून एका पायावर तोल सांभाळण्याचा व्यायाम रोज करावा.

मधुमेह असेल तर

इथे चूक महागात पडते. मधुमेहात पायाची संवेदना हळूहळू कमी होते, म्हणून बूट चावलेला कळतच नाही. फोड फुटतो, जखम चिघळते, आणि घरी आल्यावर मोज्याला रक्त दिसते तेव्हा समजते. अशा जखमेतून बोट किंवा पाय गमावण्याची वेळ येऊ शकते.

घरच्यांनी एक साधी तपासणी करावी. ती इंग्लंडमधल्या इप्सविच येथील डॉक्टरांनी रूढ केली. आईला किंवा सासूबाईंना डोळे मिटून झोपायला सांगा. दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट आणि करंगळी, अशा एकूण सहा बोटांच्या टोकांना आपल्या तर्जनीने एक-दोन सेकंद हलकेच स्पर्श करा. दाबू नका, घासू नका. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी स्पर्श कळला नाही, तर संवेदना कमी झाली आहे असे समजा आणि पायी वारी किंवा ट्रेक ठरवण्याआधी डॉक्टरांना पाय दाखवा.

नवसाने अनवाणी चालणे हा श्रद्धेचा भाग आहे, त्यावर मी मत देणार नाही. पण संवेदना कमी असलेल्या पायाने अनवाणी चालू नका. डांबराचा चटका आणि काच, दोन्ही कळत नाहीत. बूट घालण्याआधी दर वेळी आत हात फिरवून खडा किंवा शिवण पाहा. दर तासाला बूट-मोजे काढून पाय तपासा. तळवा दिसत नसेल तर आरसा धरा किंवा सोबतच्या बाईला पाहायला सांगा.

नवा जोड आणि जुना जोड

नवे बूट थेट गडावर घालू नका. दोन आठवडे रोज थोडा वेळ घरात, मग मळ्यात किंवा रस्त्यावर वापरा. माळ्यावर तीन-चार वर्षे पडून असलेला जोडही एक दिवस आधी घालून चाला. दमट हवेने आतला फोम आणि डिंक कुजतो आणि सोल वाटेतच सुटतो. भिजलेले बूट चुलीजवळ किंवा कडक उन्हात वाळवू नका. आतला तळवा काढून, वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलीत ठेवा आणि कागद बदलत राहा.

फोड आल्यास

लहान फोड फोडू नका, स्वच्छ पट्टी लावा. मोठा आणि ताणलेला फोड निर्जंतुक सुईने कडेला टोचून पाणी काढता येतो, पण वरची कातडी सोलू नका. मधुमेह असेल तर हे घरी अजिबात करू नका.

जखमेभोवतीची लाली पसरत असेल, पू, दुर्गंधी किंवा ताप असेल, बोट काळे-निळे पडले असेल, किंवा मुरगळलेल्या पायावर चार पावलेही टाकता येत नसतील, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. जखम असताना साचलेल्या पाण्यातून चालला असाल आणि नंतरच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, अंगदुखी, डोळे लाल होणे असे काही झाले, तर पाण्यातून चालल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण तो लेप्टोस्पायरोसिस असू शकतो. धनुर्वाताचे शेवटचे इंजेक्शन कधी घेतले तेही सांगा. आणि तपासणीला येताना ते बूट पिशवीत घालून सोबत आणा. सोल कुठे झिजला आहे आणि आतले कापड कुठे फाटले आहे, हे पाहून दाब कुठे पडतो ते लगेच कळते.