ह्यांचे गाल

गेल्या दिवाळीतली गोष्ट. घरात नवा, रुंद पडद्याचा टी.व्ही. आला होता. पाडव्याच्या संध्याकाळी फराळाच्या बशा घेऊन आम्ही सारे त्याच्यापुढे बसलो. १९८८ साली झालेल्या धाकट्या बहिणीच्या लग्नाची व्हिडिओ-कॅसेट माझ्या मुलाने सीडीवर उतरवून आणली होती. कन्यादानाला बसलेले वडील दिसताच मुलांनी टाळ्या पिटल्या. आई मात्र चष्मा पुसत म्हणाली, "अरे, हे असे कुठे होते? ह्यांना एवढे गाल कधी होते?"

वडिलांना जाऊन बारा वर्षे झाली. आईचे मोतीबिंदूचे ऑपरेशन नुकतेच झालेले. दोष तिच्या डोळ्यांवर, आणि मनातल्या मनात तिच्या आठवणीवरही, टाकून आम्ही मोकळे झालो. ती पुढे काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मी एकटाच ते चित्रण पाहत होतो, तेव्हा वडिलांपुढच्या ताम्हणाकडे लक्ष गेले. ते अंड्यासारखे लांबट दिसत होते! ताम्हणाला काही मोतीबिंदू होत नाही.

मग मी ह्या लांबटपणाच्या इतिहासात शिरलो. १८९०च्या सुमारास एडिसनच्या प्रयोगशाळेत डिक्सन नावाच्या गृहस्थाने ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर चित्राची चौकट ठरवली : रुंदी चार भाग, उंची तीन भाग. मूकपट त्याच मापात वाढले. बोलपट आल्यावर थोडी ओढाताण झाली, तेव्हा १९३२ साली अमेरिकेतल्या अकादमीने जवळपास तेच माप पुन्हा कायम केले. आपल्या 'प्रभात'चा १९३६चा 'संत तुकाराम' ह्याच घाटाचा. पुढे टी.व्ही. आला, त्यानेही चारास तीन हेच प्रमाण उचलले.

पण घरबसल्या चित्र दिसू लागल्यावर थिएटरात कोण जाणार? हॉलिवूडने पडदाच रुंद केला. १९५३ साली 'द रोब' हा पहिला सिनेमास्कोप चित्रपट झळकला. त्यामागची युक्ती हेन्री क्रेतिएन ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाची. त्याचे भिंग चित्रीकरणाच्या वेळी दृश्य आडवे दाबून निम्मे करी, आणि थिएटरातले भिंग ते पुन्हा दुप्पट पसरवी. मात्र कॅमेरा चेहऱ्याजवळ गेला की हा हिशेब चुके आणि भल्याभल्या नटनट्यांचे चेहरे सुजल्यासारखे दिसत. ह्या दोषाला तिकडच्या लोकांनी चक्क गालगुंडाचे नाव दिले होते! आपल्याकडे गुरुदत्तचा 'कागज के फूल' हा पहिला सिनेमास्कोप चित्रपट १९५९ साली आला. त्याच वर्षी दिल्लीत टी.व्ही.चे प्रक्षेपण सुरू झाले. मुंबईला ते १९७२ साली पोचले, अर्थात चारास तीनच्याच चौकटीत.

१९८०च्या दशकात नव्या, सुस्पष्ट टी.व्ही.साठी माप शोधताना कर्न्स पॉवर्स ह्या अमेरिकन तंत्रज्ञाने सगळे प्रचलित आकार एकावर एक मांडून पाहिले. जुना टी.व्ही. आणि सिनेमास्कोप ह्यांच्या मधोमध, दोघांनाही कमीअधिक सामावून घेणारे माप निघाले सोळास नऊ. आज घरोघरी तेच आहे.

अडचण एवढीच, की जुने चित्र ह्या पडद्यावर बसवले की दोन्ही बाजूंना काळे पट्टे उरतात. पट्टे दिसले की आपल्याला पैसे वाया गेल्यासारखे वाटते! म्हणून संच चित्र ताणतो, आणि माणूस एक-तृतीयांशाने रुंद होतो. किंवा तो चित्र मोठे करतो, आणि उंचीचा चौथा हिस्सा, म्हणजे डोक्यावरचा फेटा आणि पायाखालचा पाट, कापला जातो. आमच्या संचात ताणण्याचीच सोय चालू राहिली होती. रिमोट घेऊन चित्राच्या आकाराच्या यादीतून मी चारास तीन निवडले. ताम्हण गोल झाले.

मी आईला हाक मारली. नातू कुरकुरला, "आजी, बघ ना, बाजूचा पडदा फुकट गेला!" तिने तिकडे लक्ष दिले नाही. पडद्यावर वडील अक्षता हातात घेऊन बसले होते : उभट चेहरा, बसलेले गाल. आई खुर्ची पुढे ओढून बसली.

"आता कसे दिसतात?" मी विचारले.

"होते तसे," ती म्हणाली. मग जरा थांबून, "काल मलाच वाटले, मी ह्यांना विसरायला लागले की काय."

त्यावर मला काही बोलता आले नाही.